मोबाईल लोकेशन छापताना त्यात किती चूक असू शकते हेही छापावे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गुन्ह्याच्या, अपघाताच्या किंवा बेपत्ता व्यक्तीच्या बातमीत ‘संबंधिताचे मोबाईल लोकेशन घटनास्थळी आढळले’ हे वाक्य आता इतके रुळले आहे की ते वाचताना कोणी थबकत नाही. वाचकाच्या मनात मात्र ते थेट साक्षीदाराच्या जागी जाऊन बसते. तो माणूस तिथे होता, यंत्राने पाहिले आहे, यंत्र कशाला खोटे बोलेल, असा तो हिशेब असतो. वास्तविक यंत्राने काहीच पाहिलेले नसते. आसपासच्या रेडिओ लहरींवरून एक गणित सोडवलेले असते, आणि नीट सोडवलेल्या गणिताच्या उत्तरासोबत त्यात किती चूक असू शकते हेही आलेले असते. बातमीत उत्तर तेवढे येते आणि चुकीची मर्यादा वाटेत गळते. ती गळू नये, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती छोटी आहे, पण तिची कारणे सांगायला जागा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

लोकेशन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उपग्रह येतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात; त्यांचा सिग्नल पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतरे काढतो, आणि निदान चार उपग्रह नीट ऐकू आले तर मोकळ्या आकाशाखाली उत्तर काही मीटरच्या आत येते. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे या पद्धतीला किती काटेकोर घड्याळ लागत असेल याची कल्पना करता येते. परंतु हा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. काँक्रीटच्या स्लॅबखाली किंवा तळघरात तो मिळत नाही, आणि उंच इमारतींच्या दाटीत तो भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो व गणित बिघडवतो. माणसांचा बहुतेक दिवस तर छपराखालीच जातो. अशा वेळी फोन जमिनीवरच्या सिग्नलांकडे वळतो, म्हणजे मोबाईल टॉवर, वायफाय राउटर आणि ब्लूटूथची छोटी उपकरणे यांच्याकडे. नकाशावरचा निळा ठिपका यांपैकी कशावरून काढला हे बहुतेक ॲप सांगत नाहीत. उपग्रहाचा ठिपका आणि टॉवरचा ठिपका दिसायला एकसारखेच असतात.

तपासाच्या बातम्यांत येते ते बहुधा टॉवर लोकेशन, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मोबाईल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींत, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, फोन नेमका कुठे होता हे लिहिलेले नसते. कॉल कोणत्या सेलवरून, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या टापूतून, सुरू झाला आणि कोणत्या सेलवर संपला, एवढेच त्यात असते. एका टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंशांची पाचर येते. दाट वस्तीत ही पाचर काहीशे मीटर लांब असते, उघड्या माळरानावर कित्येक किलोमीटर. जुन्या जीएसएम, म्हणजे टू-जी तंत्रात एका सेलची नेहमीची कमाल मर्यादा सुमारे ३५ किलोमीटर होती. तेव्हा ‘अमुक टॉवरच्या हद्दीत’ या शब्दांत एखादा चौकही मावतो आणि आठ-दहा गावेही मावतात. बातमीत यातले काय अभिप्रेत आहे ते कळायला मार्ग नसतो.

शिवाय फोन सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडलेला असतो, हा समजही खरा नाही. त्या क्षणी फोनला चांगला ऐकू येणारा आणि नेटवर्कने त्याच्या वाट्याला दिलेला सेल तो धरतो. मध्ये टेकडी आली, जवळच्या टॉवरवर गर्दी झाली, पाण्यावरून लांबच्या टॉवरची रेंज स्वच्छ आली किंवा उंच मजल्यावर उभे असल्याने दूरचे पाच-सहा टॉवर एकदम ऐकू येऊ लागले, तर शेजारचा टॉवर सोडून फोन पलीकडच्याला जोडला जातो. दोन सेलच्या सीमेवरच्या खोलीत तर टेबलावर नुसता पडलेला फोनही आळीपाळीने दोन्हीकडे ये-जा करतो, आणि नोंदी वाचणाऱ्याला तो माणूस दहा मिनिटांत तीनदा रस्ता ओलांडून गेल्यासारखा दिसतो. नेटवर्कला अंतराचाही एक धागा मिळतो हे खरे. फोनचा सिग्नल ठरल्या क्षणी टॉवरवर पोहोचावा म्हणून त्याने किती आधी बोलायला सुरुवात करायची हे टॉवर त्याला सांगत असतो, आणि त्यावरून टॉवरपासूनचे अंतर निघते. या मापाची एक पायरी जीएसएममध्ये सुमारे ५५० मीटरची होती, फोर-जीमध्ये ती सुमारे ७८ मीटरवर आली. त्यामुळे पाचरीऐवजी एक वक्र पट्टा हाती लागतो. ही सुधारणा मोठी आहे, पण साध्या सीडीआरमध्ये हा आकडा सहसा नसतो, आणि असला तरी पट्ट्यातला नेमका बिंदू तो सांगत नाही.

या नोंदींवर विसंबण्याची किंमत काय असू शकते, हे डेन्मार्कने २०१९ साली पाहिले. मोबाईल कंपन्यांच्या कच्च्या नोंदी तपासयंत्रणेला वाचता येतील अशा रूपात आणणाऱ्या प्रणालीत काही नोंदी गळत असल्याचे आढळले आणि काही फोन चुकीच्या टॉवरशी जोडले गेल्याचेही उघड झाले. तिथल्या सरकारी अभियोक्त्यांच्या प्रमुखांनी असा पुरावा न्यायालयात वापरणे दोन महिने थांबवले, २०१२ पासूनची दहा हजारांहून अधिक प्रकरणे फेरतपासणीला घेतली गेली आणि ३२ कैद्यांना सोडण्यात आले. यात रेडिओ लहरी जशा वागायच्या तशाच वागल्या होत्या. नोंद बिघडली ती माणसांच्या हाती येताना, आणि न्यायालयात पोहोचेपर्यंत ती निःशंक विधान होऊन बसली होती.

वायफायची गोष्ट वेगळी आणि अधिक रंजक आहे. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली हजेरी जाहीर करतो. त्या हजेरीत सहसा नेटवर्कचे नाव असते आणि राउटरचा स्वतःचा ४८ बिटांचा क्रमांक असतो. ती ऐकण्यासाठी पासवर्ड लागत नाही की त्या नेटवर्कला जोडलेले असावे लागत नाही. फोन आपल्याला ऐकू आलेल्या क्रमांकांची आणि त्यांच्या जोराची यादी सर्व्हरकडे पाठवतो, कोणता राउटर नकाशावर कुठे आहे याचा साठा सर्व्हरकडे असतो, आणि त्यांचा मेळ घालून ठिकाण काढले जाते. स्कायहूक या २००३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी कंपनीने गाड्या फिरवून असा साठा उभा केला. पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतेच. २००८ च्या आरंभी त्याला स्वतःची जागा सांगता येऊ लागली ती स्कायहूकच्या राउटरसाठ्यावरून आणि गूगलच्या टॉवरसाठ्यावरून. आता गाड्यांची फारशी गरज उरलेली नाही. रस्त्याने चालणाऱ्याच्या खिशातला फोन उपग्रहांवरून आपली जागा काढतो, त्याच वेळी कानावर आलेले राउटर टिपतो आणि दोन्हींची सांगड कंपनीकडे पाठवतो. तुमच्या-आमच्या पायपिटीतून हा नकाशा रोज नवा होत असतो.

यातली सगळी गोम आहे सिग्नलच्या जोरात, कारण राउटर किती लांब आहे हे त्या जोरावरून ताडायचे असते. तो डेसिबलच्या मापात सांगतात आणि आकडे उणे असतात. राउटरच्या शेजारी उणे ४० च्या आसपास, दोन-तीन भिंतींपलीकडे उणे ७५ किंवा ८०. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आकडा ६ ने घसरतो, हे पुस्तकातले गणित आहे. पण तेवढे ६ डेसिबल एखादी भिंतही खाऊन टाकते. फोन आणि राउटर यांच्यामध्ये माणूस उभा राहिला तरी तितकेच, कधी त्याहून अधिक जातात, कारण शरीरातले पाणी वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर शोषून घेते. म्हणजे फोन छातीशी धरून जागच्या जागी पाठ फिरवली तरी राउटर दुप्पट लांब गेल्यासारखा भासू शकतो. त्यात भिंती, कपाटे आणि फरशी यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असल्यामुळे फोन टेबलावर चार बोटे सरकवला तरी कुठे दोन लहरी मिळून जोर वाढतो, कुठे एक दुसरीला मारून टाकते. सिग्नल मोजणारे साधे ॲप उघडून हे कोणालाही पाहता येईल. फोनला हात न लावता, कोणी जागचे न हलता आकडा उणे ५८, उणे ६३, पुन्हा उणे ५६ असा नाचत राहतो. दाट धुक्यात दिसणाऱ्या दिव्याच्या उजेडावरून तो किती पावलांवर आहे हे सांगावे, तितपतच या अंतराचा भरवसा.

म्हणून अभ्यासकांनी जोरावरून अंतर काढण्याचा नाद पुष्कळ अंशी सोडला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली रडार या नावाने जी पद्धत मांडली, तीत इमारतीत जागोजागी उभे राहून कुठे कोणता सिग्नल किती जोराने येतो याची आधी नोंद करून ठेवली होती. नंतर उपकरणाच्या सिग्नलच्या आकड्यांशी सर्वांत जुळणाऱ्या नोंदी शोधल्या की ठिकाण दोन-तीन मीटरच्या फरकाने सापडत असे. पण सामान हलले, राउटर बदलला किंवा रिकामे दालन माणसांनी भरले की त्या नोंदी शिळ्या होतात आणि मोजणी पुन्हा करावी लागते. लहर जाऊन-येऊन किती वेळ लागला हे मोजण्याची सोय वायफायच्या मानकात २०१६ मध्ये आली, अँड्रॉइडने ती २०१८ मध्ये घेतली, आणि तिच्या आधारे एक-दोन मीटरपर्यंत पोहोचता येते. त्यासाठी राउटरही ती सोय असलेलाच लागतो.

साठ्यातच चूक असेल तर पुढचे सारे चुकते. कोणी घर बदलून राउटर सोबत नेला की काही काळ तो साठ्यात जुन्याच पत्त्यावर राहतो. रेल्वेच्या डब्यातला किंवा जहाजावरचा राउटर तर सतत गावे बदलत असतो. म्हणून एकट्या राउटरवर विश्वास न ठेवण्याची पद्धत आहे. गूगलची विकासकांसाठीची सेवा वायफायवरून ठिकाण सांगण्यासाठी किमान दोन राउटर मागते. एकट्या राउटरचा क्रमांक देऊन त्याचा पत्ता काढून घेणेही त्यामुळे अवघड होते. ॲपलच्या सेवेत अशी अट नव्हती. एका राउटरबद्दल विचारले तर ती आसपासच्या चारशेपर्यंत राउटरांची ठिकाणे सांगते, हे मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले आणि त्या वाटेने जगभरच्या दोन अब्जांहून अधिक राउटरांची ठिकाणे गोळा केली. ज्यांच्या राउटरवर हा सारा खेळ चालतो त्यांना कोणी काही विचारलेले नसते, हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, म्हणून इथेच थांबतो.

वृत्तपत्रांच्या बाबतीत एक जुना प्रसंग आठवण्याजोगा आहे. एप्रिल २०११ मध्ये आयफोनमध्ये एक फाइल सापडली आणि फोन मालकाच्या फिरण्याची गुप्त नोंद ठेवतो अशा बातम्या जगभर आल्या. फाइलमधले ठिपके नकाशांवर मांडून छापले गेले. ॲपलने खुलासा केला की ते ठिपके फोनचे नसून त्याच्या परिसरातील टॉवर आणि राउटर यांचे आहेत, आणि त्यांतले काही फोनपासून शंभर मैलांहूनही दूर असू शकतात. इतका जुना साठा फोनमध्ये राहणे ही सॉफ्टवेअरमधील चूक होती, यापुढे सात दिवसांहून अधिक साठवण होणार नाही, हेही कंपनीला सांगावे लागले. म्हणजे बातमी निराधार नव्हती आणि तिने एक खरी चूक दुरुस्त करायला लावली. पण ‘मालक या ठिपक्यावर उभा होता’ असे जिथे जिथे सुचवले गेले, तिथे ते फाइलमध्ये नव्हतेच.

नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ असते. इमारतीत शिरताच ते फुगते, बाहेर आलो की आक्रसते. माझ्या मते सबंध पडद्यावरची सर्वांत प्रामाणिक गोष्ट तीच आहे, आणि लोक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. त्या वर्तुळाचाही अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. अँड्रॉइड जी त्रिज्या सांगते, तिच्या आत खरे ठिकाण असण्याची शक्यता ६८ टक्के धरलेली असते, म्हणजे जवळजवळ तीनांतून एकदा फोन वर्तुळाबाहेर असू शकतो. संकेतस्थळांना ब्राउझरकडून मिळणाऱ्या त्रिज्येसाठी मानकाने ९५ टक्के ठरवले आहेत. ‘पन्नास मीटर’ हा एकच आकडा दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो, आणि दोन्हीकडे वर्तुळाच्या मध्याला फोन असलाच पाहिजे असे कोणी म्हटलेले नसते. अमेरिकेत लास व्हेगासजवळ २०१३ च्या सुमारास एका घरी वेळीअवेळी अनोळखी लोक येऊन आपला हरवलेला फोन मागू लागले होते, ते याच गैरसमजातून. सेवा मोठ्या परिसराचा अंदाज देत होती, त्या परिसरासाठी नकाशावर एकच खूण उमटत होती आणि ती त्या घरावर पडत होती. शेवटी त्या गृहस्थाने इथे हरवलेले फोन नाहीत अशी पाटी लावली.

हे सगळे वाचून हे तंत्रच कुचकामी आहे असे कोणाला वाटू नये. तसे मुळीच नाही. हरवलेल्या गिर्यारोहकाला, कोसळलेल्या इमारतीखालच्या माणसाला शोधताना शंभर मीटरचे वर्तुळ ही मोठी देणगी असते. आणि ज्यांचे काम या आकड्यावर चालते, ते तो कसा वापरतात हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सुरू होऊन पुढे अनेक देशांनी स्वीकारलेल्या एका व्यवस्थेत, आणीबाणीचा क्रमांक फिरवताच फोन आपोआप एक छोटा संदेश बचावयंत्रणेला पाठवतो. त्यात अक्षांश-रेखांश असतात, सोबत त्रिज्या असते, त्या त्रिज्येवर किती टक्के विश्वास ठेवावा हे असते, ठिकाण कोणत्या वेळचे आहे हे असते, आणि ते उपग्रहावरून काढले, वायफायवरून की टॉवरवरून, हे सांगणारे एक अक्षरही असते. एवढ्या छोट्या संदेशातही या चार गोष्टी गाळलेल्या नाहीत, कारण पथक एका दारावर पाठवायचे की सबंध परिसरावर पसरवायचे हे त्यांच्यावर ठरते.

वृत्तपत्राच्या स्तंभात त्या संदेशापेक्षा जागा नक्कीच जास्त असते. ‘लोकेशन सापडले’ असे अधिकारी सांगतात तेव्हा आपल्या वार्ताहरांनी ते कशावरून काढले, त्रिज्या किती आणि वेळ कोणती, एवढे विचारावे. उत्तर मिळाले तर तसे छापावे, न मिळाल्यास अधिकाऱ्यांनी ते सांगितले नाही असे छापावे. वेळेचा प्रश्न विशेषतः बेपत्ता व्यक्तींच्या बातम्यांत महत्त्वाचा आहे. ‘शेवटचे लोकेशन’ म्हणजे नेटवर्कला फोन शेवटचा कधी आणि कोणत्या सेलवर ऐकू आला त्याची नोंद असते. त्यानंतर बॅटरी संपली असेल, फोन रेंजबाहेर गेला असेल, बंद केला गेला असेल. शोध त्या एका ठिकाणी एकवटावा असे त्या नोंदीत काहीही नसते, तरी वाचून नातेवाईक आणि गावकरी तिथेच गर्दी करतात. फोन म्हणजे माणूस नव्हे, हेही अधूनमधून लिहायला हरकत नाही. सीडीआरमध्ये सिमकार्डाची आणि हँडसेटची नोंद असते, तो हँडसेट कोणाच्या हातात होता याची नसते.

बातमीसोबत नकाशा देत असाल तर एक लहानसा बदल लगेच करता येईल. टोकदार लाल खूण काढून टाकावी आणि टॉवरची माहिती असेल तर पाचर, वायफायची असेल तर वर्तुळ, आणि शेजारी त्रिज्येचा आकडा व ‘अंदाज’ असा उल्लेख द्यावा. हवामानाच्या पानावर वादळाची पुढची वाट दाखवताना रुंदावत जाणारा पट्टा काढलेला वाचक अनेकदा पाहतात आणि तो त्यांना नीट कळतो.

कळावे,
आपला एक नियमित वाचक